तिसऱ्या खुणेची ओल

तुकडा एकतीस मिलिमीटर लांब होता. रंग पांढरा, किंचित पिवळसर. जाडी सगळीकडे सारखी, दीड मिलिमीटरच्या आसपास. तीन ठिकाणी वळलेला आणि एका टोकाला तसाच दुसरा तंतू तुटल्याची खूण. कोब्यावर खडूनं काढलेल्या तिसऱ्या वर्तुळापासून तो वीतभर अंतरावर पडला होता. मी तो नखानं उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, जमिनीवर हलकेच आपटून पाहिला. टक्क असा कोरडा आवाज आला. मग तो स्वेटरच्या खिशात टाकला आणि तिसऱ्या वर्तुळात ओल मोजायचं मीटर टेकवलं.

"किती?" तुषारनं दारातून विचारलं.

"तिसरी होती तिथेच आहे."

"आणि बाकीच्या?"

"चारही उतरल्यात."

"एकाच खोलीत, एकाच कोब्यात, चार खुणा वाळतात आणि एक वाळत नाही. हे कसं शक्य आहे?"

मी वहीत तारीख लिहिली, सात फेब्रुवारी, आणि पाच आकडे लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

ती वही अजून माझ्याकडे आहे. आकडे आजही तपासून घ्या. एकही खोटा सापडणार नाही.

जर्मनीत, उल्मजवळच्या एका खेड्यात, आम्ही एक जुनं दुमजली घर घेतलं होतं. मी रंगांच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ होते; तुषार बसच्या इंजिनांवर काम करायचा. वरच्या मजल्यावर आम्ही राहत होतो आणि खालचा मजला फोडून नवा करत होतो. खालच्या मोठ्या खोलीत नवा कोबा घातला होता आणि त्याच्या पोटात गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या होत्या. हिवाळ्यात जमीनच ऊब देणार. त्या कोब्यावर ओकच्या भरीव फळ्या बसवायच्या, हे तुषारचं स्वप्न. वरून लाकडाचा पापुद्रा लावलेल्या तयार पट्ट्या नव्हेत, आरपार लाकूड.

भरीव लाकूड आणि खालची ऊब यांचं मुळात पटत नाही. फार ऊब मिळाली की लाकूड आकसतं आणि फटी पडतात. खालून ओल मिळाली की ते फुगतं आणि फळ्या मधोमध उचलल्या जातात. म्हणून कोबा आधी पूर्ण वाळायला हवा. फळ्या महिनाभर त्याच खोलीत थप्पी लावून ठेवायच्या, म्हणजे त्यांना तिथली हवा सवयीची होते. मग गोंद पसरून एकेक फळी कोब्याला कायमची चिकटवायची. हे सगळं आम्हाला हेर बोसलर, म्हणजे बोसलरसाहेब, यांनी समजावलं.

बोसलर हे फरशीचे कारागीर. साठीचे, गुडघ्यांना जाड पट्टे बांधलेले, आणि बोलताना माणसाकडे न बघता जमिनीकडे बघणारे. तुषारची आई तेव्हा तीन महिन्यांसाठी यावलहून आली होती. आईंनी पहिल्याच दिवशी बोसलरांचे भोसले केले. त्या मराठीत बोलायच्या, भोसले जर्मनमध्ये, आणि दोघांचं कधी काही अडलं नाही.

"एक पूर्णांक आठ टक्के," भोसल्यांनी बजावलं होतं. "त्याच्या वर ओल असेल तर मी गोंदाचा डबा उघडणार नाही. आणि मोजायचं ते सगळ्यात ओल्या जागी. चार जागा कोरड्या असून उपयोग नाही."

मीटर नुसता अंदाज द्यायचं. खरी चाचणी तेच करणार होते.

मी त्यांना एक प्रश्न विचारला. "एकदा चिकटवलेल्या फळ्या पुन्हा काढता येतात का?"

"येतात," ते म्हणाले. "छिन्नीनं. तुकडे करून."

तेही मी वहीत लिहून ठेवलं.

हे विचारायला कारण होतं. जानेवारीत मला पुण्याहून पत्र आलं होतं. एका संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा, विषय माझा, माणसं माझ्या पसंतीची. उत्तर अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत द्यायचं होतं. पत्र मी त्याच दिवशी तुषारला दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला. "अगदी मनापासून सांगतोय. मला पुण्यातही काम मिळेल. तू ठरव."

आणि पाच मिनिटांनी लाकडाला लावायच्या तेलाचे तीन नमुने माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "यातलं कुठलं? हे मधलं बघ. चाळीस वर्षं रंग बदलत नाही."

"फरशी होऊ दे," मी म्हणाले. "मग सांगते."

"काय सांगतेस? तेलाचं की पुण्याचं?"

"दोन्ही."

त्यानंतर तो दर आठवड्याला एकदा विचारायचा आणि मी तेच उत्तर द्यायची. तो खूश व्हायचा. ज्या बाईला जायचं असेल ती फरशीची वाट कशाला बघेल, असा त्याचा हिशेब असावा. माझा हिशेब काय होता, ते मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

कोबा तापवायचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं होतं. रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं, मग तीन दिवस तेवढंच ठेवायचं, मग उतरवायचं, मग पुन्हा. सकाळी उठल्यावर तुषार चहाआधी खाली जाऊन पाण्याचं तापमान बघून यायचा.

"कोब्याला ताप आलाय का रे?" आईंनी विचारलं. "तुझ्या गोवरात मी एवढ्या वेळा मोजला नव्हता."

"आई, चेष्टा नको. आणि तू त्या खोलीत अजिबात जायचं नाहीस. पाण्याचा एक थेंब तिथे सांडता कामा नये."

"मी कशाला सांडू पाणी?"

"तू पुसशील. तुला सवय आहे. फरशी दिसली की तू फडकं ओलं करतेस."

"नाही पुसणार. थेंबसुद्धा पडू देणार नाही. मग तर झालं?"

तरी खोली दाखवायला तोच त्यांना एकदा खाली घेऊन गेला. बाहेर उणे सहा होतं. खिडकीच्या काचेला बाहेरून बर्फ चिकटलेला. आईंनी मोजे काढले, कोब्यावर अनवाणी उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले.

"माय!" त्या म्हणाल्या. "ही तर चैत्रातली गच्ची."

"बघ, म्हटलं नव्हतं?" तुषार म्हणाला.

आई खोलीभर फिरल्या. मधोमध जास्त तापलंय, खिडकीशी कमी, असं त्यांनी पायानं बरोबर ओळखलं. मग पुन्हा मधोमध येऊन थांबल्या, इकडून तिकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "जागाही ऐसपैस आहे."

हे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर चार खुणा शहाण्यासारख्या उतरत गेल्या. तिसरी अडून बसली.

तुषारनं आलेख काढला. इंजिनियर माणसाला आलेख काढल्याशिवाय चैन पडत नाही. पाच रंगांच्या पाच रेषा काढून तो कागद त्यानं फ्रिजवर वेळापत्रकाशेजारी लावला, आणि एका संध्याकाळी त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ऋजू, इकडे ये. हे बघ. तिसरी सोमवारी चढते. शुक्रवारपर्यंत चढत जाते. शनिवारी उतरते. रविवारी आणखी उतरते. सोमवारी परत चढते."

"हो."

"हो काय? ओल आठवड्याची सुट्टी घेते का?"

"जर्मनीतली ओल आहे," आई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

"आई, थांब जरा. ऋजू, शेजारच्यांच्या नळाचा काही संबंध असेल? ते आठवडाभर जास्त पाणी वापरतात, दाब वाढतो, आणि—"

"त्यांचा नळ आपल्या कोब्यात येत नाही."

"मग तुझं काय मत आहे?"

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणाले.

ते बरोबरच होते.

मग वास सुरू झाला. खालच्या खोलीत शिरलं की आंबूस, दह्याच्या भांड्यासारखा. वर जिन्याशीही कधी कधी यायचा, विशेषतः आईंच्या खोलीच्या दाराजवळ. तुषारनं आधी मेलेला उंदीर शोधला. मग गटाराच्या सगळ्या जाळ्यांमध्ये बादल्या ओतल्या. शेवटी भोसल्यांना फोन केला. भोसले म्हणाले, कोब्याला असा वास येत नाही, चाळीस वर्षांत कधी आलेला नाही, त्यांना तो हुंगायची उत्सुकता आहे.

"तू केमिस्ट आहेस," तुषार मला म्हणाला. "हा वास कशाचा?"

मी दीर्घ श्वास घेतला. "सेंद्रिय असावा. काहीतरी आंबतंय."

"कोब्यात काय आंबेल?"

"कोब्यात काही आंबत नाही."

याहून जास्त त्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तो टॉर्च घेऊन खाली गेला.

त्या दिवसांत मी ऑफिसातून रोज ठरल्या वेळेला, साडेपाचला, घरी यायची. किल्ली पर्समध्ये असायची, तरी बेल वाजवायची. मग आत पावलांची घाई ऐकू यायची, काहीतरी खसखस वाजायचं, जिन्यावर धप्‌धप् आवाज यायचा. दीडेक मिनिटानं दार उघडायचं. आई पदरानं हात पुसत उभ्या असायच्या, श्वास लागलेला.

"आलीस? चहा टाकते."

"टाका."

अशाच एका चहाच्या वेळी, तुषार अजून यायचा होता, त्यांनी विचारलं, "पुण्याच्या पत्राला उत्तर दिलंस का गं?"

त्यांना पत्राबद्दल माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

"तुषारनं सांगितलं?"

"तो कशाला सांगेल? फ्रिजवर एक तारीख लाल पेनानं लिहून ठेवली आहेस, अठ्ठावीस. फरशीच्या कुठल्याच कागदावर ती तारीख नाही. मग मी त्याला विचारलं." त्यांनी बशीत चहा ओतला. "तर? काय ठरवलंस?"

"फरशी होऊ दे, आई."

"हं." त्यांनी फुंकर मारली. "म्हणजे फरशी ठरवणार."

 त्यांनी चहा संपवला.

"मी सहा मार्चला निघाले," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबू नकोस. आणि माझ्यासाठी येऊही नकोस. यावल काही पुण्याला लागून नाही. तुझं तू बघ."

मग त्या उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. दार उघडलं तेव्हा आंबूस वासाचा एक झोत बाहेर आला. मी कप धुतले.

भोसल्यांच्या दोन चाचण्या झाल्या होत्या. पहिली जानेवारीतली, ती नापास होणार हे ठरलेलंच होतं. दुसरी बारा फेब्रुवारीला. तीही तिसऱ्या खुणेवर नापास. तिसरी आणि शेवटची गुरुवारी, सव्वीसला. "यात झालं तर सोमवारी फळ्या बसवायला सुरुवात," ते म्हणाले होते. "नाही झालं तर मी दुसऱ्या कामाला लागतो. मग थेट मे."

गुरुवारी आम्ही दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. भोसले दोनच्या ठोक्याला आले. आल्या आल्या जमिनीकडे बघत त्यांनी हवा हुंगली, पुन्हा हुंगली आणि टोपी काढली. उत्सुकता भागल्यासारखी दिसली नाही.

"भोसले, आधी चहा घ्या," आई म्हणाल्या.

"डांके, नंतर," भोसले म्हणाले आणि तिसऱ्या खुणेपाशी गुडघे टेकले.

त्यांनी छिन्नीनं कोब्याचा तुकडा काढला, खालपर्यंत. लोखंडी भांड्यात टाकून बत्त्यानं कुटला.

"खलबत्ता!" आई आनंदल्या. "बघ, त्यांच्याकडेही आहे."

मग त्यांनी ती भुकटी तोलून पोलादी बाटलीत भरली. तिच्यात चार पोलादी गोळ्या टाकल्या आणि काचेची एक छोटी कुपी अलगद सोडली. झाकणावर दाबाचं घड्याळ. झाकण आवळून त्यांनी बाटली जोरजोरात हलवली; आत कुपी फुटल्याचा आवाज आला. कुपीतली पूड ओलीशी मिळते, वायू तयार होतो, वायूचा दाब काटा दाखवतो. ओल जितकी जास्त तितका काटा वर. मला ती रीत फार आवडते. तिच्यात मताला जागा नाही.

दहा मिनिटं थांबायचं होतं. तुषार ओकच्या थप्पीवर बसला आणि फळीवरून हात फिरवत राहिला. मी घड्याळाकडे बघत होते. आई दारात उभ्या होत्या, आत न येता. सांगितलेलं तंतोतंत पाळत.

"दोन पूर्णांक चार," भोसले म्हणाले.

 भोसल्यांनी बाटली उघडली. लसणीसारखा उग्र भपका खोलीत पसरला.

"अगं बाई!" आई ओरडल्या. "ही तर केळी पिकवायची पूड! वखारीत शिरलं की हाच वास. ऋजुता, भोसल्यांना सांग, आमच्याकडे बंदी आहे हिच्यावर. पकडतात."

"आई, प्लीज," तुषार म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

पण भोसले ऐकत नव्हते. ते पालथे झोपले होते. गाल कोब्याला लावून, टॉर्च जमिनीला समांतर धरून, एक डोळा मिटून बघत होते. बराच वेळ. मग खिशातून खडू काढला आणि तसेच सरपटत एक रेघ ओढू लागले. रेघ सरळ गेली, काटकोनात वळली, पुन्हा सरळ गेली. पाच मिनिटांनी कोब्यावर एक नेमका आयत उमटला होता. तिसरी खूण त्याच्या ऐन मध्यावर.

त्यांनी फुटपट्टी लावली. "दोन मीटर बाय दीड मीटर. इथे काहीतरी पसरलं जातं. रबर, किंवा प्लास्टिक. रोज. त्याच्याखाली कोबा श्वास घेत नाही, ओल अडकून राहते."

"अशक्य," तुषार म्हणाला. "या खोलीत कुणी येत नाही."

"आणि हे," भोसले म्हणाले. त्यांनी आयताच्या कडेनं चिमट्यात काहीतरी धरलं होतं. पांढरं, वळलेलं, जाळीदार. माझ्या तुकड्यापेक्षा बरंच मोठं, बिस्किटाएवढं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांचा आवाज खाली गेला. "हे मला माहीत नाही. बुरशी असेल. किंवा कुठल्या तरी किड्याचं घर. तसं असेल तर, माफ करा, पण ओकसुद्धा बाहेर काढावा लागेल. प्रयोगशाळेत पाठवायला हवं."

"प्रयोगशाळेत कशाला?" तुषार म्हणाला. "ही आहे ना. ऋजू, बघ बरं हे काय आहे."

चिमटा माझ्या हातात आला. दारात आईंनी पदर तोंडाला लावला.

मी ते बघितल्यासारखं केलं. बघायची गरज नव्हती. पण मला नमुना ओळखायला सांगितला होता, आणि नमुन्याबद्दल मी कधी खोटं बोललेली नाही.

"कुरडई," मी म्हणाले.

तुषारनं माझ्याकडे पाहिलं. मग चिमट्याकडे. मग अगदी हळू मान वळवून दाराकडे.

"आई."

"तू पाणी सांडू नको म्हणालास," आई म्हणाल्या. "एक थेंब सांडला असेल तर सांग. चांगलं जाड प्लास्टिक घेतलं, त्या फळ्यांवरचंच. खाली काही लागू दिलं नाही."

"प्लास्टिकच तर—" तुषारनं कपाळाला हात लावला. "आई, प्लास्टिकनंच तर झालं!"

"आता मला काय माहीत? आमच्याकडे प्लास्टिक घातलं की गच्ची खराब होत नाही."

"म्हणजे तो वास—"

"गहू. तीन दिवस भिजवावा लागतो. पाणी बदलत होते रोज."

"आणि सोमवार ते शुक्रवार—"

"शनिवार-रविवारी तू घरी असतोस ना."

तुषारला एकदम आलेख आठवला असावा. त्याचं तोंड उघडं राहिलं. आई तेवढ्यात वर गेल्या होत्या. जिन्यावर धप्‌धप्, पलंगाखालून डबे ओढल्याचा आवाज, मग तेल तापल्याचा वास. मी भोसल्यांना जर्मनमध्ये थोडक्यात समजावलं: गव्हाचा चीक, तो शिजवतात, मग पितळेच्या यंत्रातून त्याची जाळी पाडतात, आणि ती उन्हात वाळवतात.

"उन्हात," भोसले म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर बर्फाकडे पाहिलं. मग आपल्या आयताकडे. मग, त्यांना ओळखत असल्यापासून पहिल्यांदा, ते हसले.

आई ताट घेऊन आल्या. कुरडया फुलून पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या, एकेक पंजाएवढी. "मी गेल्यावर तुम्ही काय खाणार? ते गार पावाचे तुकडे? म्हटलं वर्षभराच्या करून ठेवू. तीन डबे झालेत. घ्या, भोसले."

भोसल्यांनी एक उचलली, उलटसुलट केली आणि चावली. कडाम् असा आवाज खोलीत घुमला. त्यांनी डोळे मिटून चावून पाहिलं.

"ही," ते म्हणाले, "पूर्ण वाळलेली आहे."

तुषारला हसू आलं नाही. "आई, एवढे दिवस! मी वेड्यासारखा गटारं धुतोय, आणि तू... एकदा तरी मला सांगायचंस."

"तुला काय सांगू? तू ओरडला असतास." आई ताट थप्पीवर ठेवत होत्या. "आणि मला वाटलं, चालतंय. हिनं बघितलं होतं की."

"कुणी?"

"ऋजुतानं. एका शनिवारी खालून एक तुकडा उचलला, आपटून बघितला, खिशात टाकला. मी जिन्यातून बघत होते. म्हटलं, आता बोलेल. बोलली नाही. म्हटलं, हिला चालतंय. म्हणून मी आणखी दोन किलो गहू भिजवला." त्या माझ्याकडे वळल्या, स्वर कौतुकाचा होता. "आणि किल्ली असून बेल वाजवून यायची बिचारी. मला आवरायला वेळ मिळावा म्हणून."

भोसले दुसरी कुरडई खात होते. तेवढा एकच आवाज खोलीत होता.

तुषारनं खिडकीच्या कट्ट्यावरची माझी वही उचलली. सात तारखेचं पान काढलं, शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. मग वही मिटताना ती मागून उघडली. शेवटच्या पानावर चिकटपट्टीखाली तो तुकडा होता. शेजारी माझ्या अक्षरात: ७ फेब्रुवारी, ३१ मि.मी., तिसऱ्या खुणेजवळ.

"एकोणीस दिवस," तो म्हणाला.

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो."

"तू रोज माझ्यासमोर आकडे वाचत होतीस. मी शेजाऱ्यांच्या नळाबद्दल बोलत होतो, तेव्हा तू..." तो थांबला. "मी तुला पुण्याचं चार वेळा विचारलं."

"पाच."

"पाच वेळा. आणि पाचही वेळा तू म्हणालीस, फरशी होऊ दे."

"हो."

"आणि फरशी होऊ देत नव्हतीस तूच."

मी म्हणू शकले असते की मी काही केलं नाही. ते खरंही होतं. मी नुसती मोजत होते. पण तो माझ्याकडे बघत होता, रागानं नव्हे. ज्या आकड्यांवर तो महिनाभर डोकं फोडत होता ते आता एकाएकी जुळल्यासारखा.

आईंनी ताटातला चुरा गोळा केला. "आता फरशीवर ढकलता यायचं नाही, बाई," त्या हळूच म्हणाल्या.

भोसल्यांनी हात रुमालाला पुसले. वरच्या खिशातून डायरी काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि पानं उलटली. घरात काही चाललंय हे त्यांना कळत असावं, पण त्यांना तारीख हवी होती.

"तर मे," ते म्हणाले. "अकरा मे, सोमवार. प्लास्टिक नाही, गहू नाही. तोपर्यंत नक्की वाळेल. लिहू?"

 वही तुषारच्या हातात तशीच उघडी होती. भोसले पेन टेकवून थांबले होते, आणि बहुधा पहिल्यांदाच ते जमिनीकडे बघत नव्हते.

"नका लिहू," मी त्यांना जर्मनमध्ये म्हणाले. मग तुषारकडे वळले.

"मला पुण्याला जायचंय."